तबकडी हाती आली की आधी नंबर वाचा

पुण्याच्या जुन्या बाजारात 'महल' सिनेमाच्या गाण्याची ग्रामोफोन तबकडी मिळाली आणि लेबलवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलेलं दिसलं, तर विकणाऱ्याशी वाद घालू नका. १९४९ सालचं 'आयेगा आनेवाला' लताबाईंचंच. पण सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव आलं ते पडद्यावरच्या पात्राचं, म्हणजे मधुबालाच्या कामिनीचं. श्रोते रेडिओला विचारून विचारून थकले, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं. म्हणून जुन्या तबकडीवरचं गाणं नेमकं कुठलं ते ओळखताना मी आधी नंबर बघतो, नावाच्या नादी उशिरा लागतो.

लेबलवरचा मोठा नंबर हा कंपनीच्या यादीतला. एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीच्या कितीतरी जुन्या देशी तबकड्यांवर तो 'एन'ने सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना एकच असतो. आपल्याला हवाय दुसरा. तबकडी खिडकीशी तिरकी धरा. शेवटची रेघ संपते तिथून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे उमटलेले दिसतील. हा मॅट्रिक्स नंबर, ध्वनिमुद्रणाचा, प्रत्येक बाजूला वेगळा. दिसत नसेल तर पातळ कागद ठेवून वर मऊ पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. एकाच गाण्याच्या दोन तबकड्यांवर हा नंबर निराळा निघाला, तर समजा गाणं पुन्हा मुद्रित झालंय किंवा जुनंच मुद्रण नव्याने उतरवून घेतलंय. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसा. स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते!

मग ऐका, घड्याळ लावून. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते, त्यामुळे सिनेमातलं लांब गाणं तबकडीवर कापलेलं तरी असतं, नाहीतर दोन बाजूंत वाटलेलं. 'आयेगा आनेवाला'मध्ये आवाज लांबून जवळ येतो ना, त्यासाठी लताबाई दूर उभ्या राहून गात गात माईककडे चालत आल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलंय. सिनेमातला तो तुकडा आणि तबकडीवरचा, दोन्ही हेडफोन लावून पाठोपाठ ऐका.

कागदोपत्री पुराव्यासाठी थिएटरात मिळायची ती गाण्यांची पुस्तिका शोधा. तिच्यात गायकांची नावं असतीलच असं नाही. पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये, म्हणजे चित्रपट संग्रहालयात, चौकशी करा. हिंदी गाणं असेल तर हमराज यांचा गीतकोश, म्हणजे हिंदी सिनेगीतांची सूची, उघडा, त्यात तबकड्यांचे नंबरही दिलेत.

माईक येण्याआधी भोंग्यासमोर गायलेल्या त्याहून जुन्या तबकड्यांत नावाचा घोळ कमी. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक गाइसबर्गने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, पण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून बाई शेवटी ठणकावून सांगायच्या, 'माय नेम इज गौहर जान'. पण त्या काळच्या साऱ्या तबकड्या नेमक्या ७८च्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, फिरत नसत. आवाज चिरका वाटला तर वेग थोडा उतरवा आणि शेजारी पेटी घेऊन षड्ज जुळतोय का पाहा.