दारात कोण उभं आहे? मुलांना लिहितं करायची माझी रीत

मुलांना दारावर लिहायला सांगायचं म्हटलं की बहुतेक मोठी माणसं एकच प्रश्न देतात: ‘दार उघडल्यावर काय दिसलं?’ मग वर्गभर त्याच तीन गोष्टी येतात. भूत, खजिना, नाहीतर परीचं राज्य. मी दर शनिवारी आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा लेखनवर्ग घेते आणि हा प्रश्न विचारतच नाही. माझा प्रश्न असतो, ‘दारात कोण उभं आहे आणि त्याला काय हवंय?’ एवढ्या बदलाने मुलांच्या लिखाणात माणसं येतात.

या प्रश्नाचं उत्तम उदाहरण मुलांना आधीच पाठ असतं. शेणाचं घर पावसात वाहून गेलेला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ मग बाळाला पुसायचं, तीट लावायची, झोपवायचं. दार उघडत नाही, तोवरच गोष्ट चालते. मुलांना ही रचना उलगडून दाखवा: बाहेरच्याची मागणी एकच, आतल्याची सबब दर वेळी नवी. मग जोड्या करा, जोडीला एक कागद द्या. एक जण दाराबाहेर, एक आत. एकेक ओळ लिहून कागद पलीकडे सरकवायचा. बोलायचं नाही. सबबी मात्र स्वतःच्या घरातल्या हव्यात, हा नियम पक्का ठेवा. ‘फरशी ओली आहे’, ‘कुकरच्या दोन शिट्ट्या राहिल्यात’, ‘आजोबा कवळी शोधतायत’ अशा ओळी आल्या की समजा, गाडी रुळावर आली. चौथ्या-पाचव्या वेळी बाहेरच्याने आवाज बदलायचा: रागवायचं, रडायचं, खोटं बोलायचं किंवा गप्प बसायचं. गोष्ट खरी तिथे वळते, म्हणून त्या जागी घाई करू नका.

हे करण्याआधी एक दार नीट बघायला हवं. चित्रातलं नको, हात लावता येईल असं. गावात जुनं घर असेल तर उंबरा, चौकट, गणेशपट्टी, कडी-कोयंडा, बिजागरी, मागचा अडसर, सगळं दाखवा आणि नावं तिथल्या आजींना विचारू द्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांनी हिरमुसायचं कारण नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीतून दिसणारा अर्धा चेहरा, पाटीवरची नावं, दुधाच्या पिशवीसाठी अडकवलेली कापडी पिशवी, शेजाऱ्यांच्या दारावरचं दसऱ्यापासून वाळत गेलेलं तोरण, हे काय थोडं आहे? मुलांना पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐकायला लावा. एसटीचं दार दणकन लागतं, दुकानाचं शटर खडखडत वर जातं, जुनी बिजागरी कुरकुरते, आणि लिफ्टमधली बाई दिवसभर दरवाजा बंद करायची विनंती करत असते. तिच्या बाजूने लिहिलेला कागद माझ्या वर्गात फार गाजला. कुणीच आपलं ऐकत नाही, अशी तिची तक्रार होती.

बघून आल्यावर फळ्यावर क्रियापदं गोळा करा. दार लोटलं, ढकललं, ओढून घेतलं, आपटलं, किलकिलं केलं, सताड उघडलं, कडी सरकवली. विशेषणांना मी पहिला अर्धा तास बंदी घालते. ‘दार आपटलं’ लिहिलं की राग दिसतोच, वेगळा सांगावा लागत नाही.

पुण्याच्या आसपास असाल तर मुलांना शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी न्या. वाडा १७३२ साली बांधून झाला. या उत्तरेकडच्या दरवाजाच्या फळ्यांवर वरच्या बाजूला लांब टोकदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. त्याच्याच एका फळीत माणसापुरता छोटा दिंडी दरवाजा आहे. इथे दोन गट करा: एकाने हत्तीच्या बाजूने लिहायचं, दुसऱ्याने रात्री उशिरा दिंडीशी आलेल्या माणसाच्या बाजूने. मुलं हत्तीकडे धावतील. तरी दिंडीसाठी चार जण राखून ठेवाच. ‘मला आत यायचंय, पण मी कोण हे सांगता येत नाही’ असं वाक्य तिथूनच मिळतं.

बंद दाराची गोष्ट हवी असेल तर रायगडची हिरकणी सांगा. दूध घालायला गडावर आलेली गवळण, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मी मुलांना कड्यावर जाऊच देत नाही. हिरकणी आणि पहारेकरी, दोघंच, बंद दरवाजासमोर. तो वाईट माणूस नाही, त्याला हुकूम आहे. दोघांचं बोलणं एका पानात लिहा. मोठ्या मुलांना याच्या उलटं द्या: शनिशिंगणापूर, जिथे घरांना चौकट असते पण दार नसतं अशी ख्याती आहे. तिथे रुसलेल्या मुलाने दार कसं आपटायचं?

कवितेसाठी छोट्या अभंगाचा साचा घ्या, एका चरणात आठ अक्षरं आणि दोन-दोन चरणांचं यमक. बोटांवर मोजता येतो, त्यामुळे मुलांना धीर येतो. आम्ही फळ्यावर सगळ्यांनी मिळून केलेली ही एक:

जुन्या वाड्याचे हे दार
कुरकुरे रात्रभर
दुखे त्याचा गुडघा रे
तेल घेऊन ये जा रे

धृपद कसं काम करतं ते दाखवायला मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांपेक्षा चांगलं काही मला माहीत नाही. भाऊ रुसून ताटी लावून आत बसलाय आणि धाकटी बहीण ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ म्हणत राहते. अर्थाच्या खोलात शिरू नका, रुसलेला भाऊ प्रत्येक घरात असतो. मुलांनी आपल्या घरातलं नाव घालून स्वतःचं धृपद करायचं आणि त्याला तीन कडवी जोडायची.

लिहून झालं की कोऱ्या कागदाच्या दोन्ही कडा मधोमध दुमडून दुपाखी दार करा. बाहेरच्या अंगावर फक्त बाहेरच्याला दिसेल तेवढंच लिहायचं, बाकी आत. काय बाहेर ठेवायचं हे ठरवताना मुलं खूप वेळ घेतात. तो वेळ द्या.

तपासताना शुद्धलेखनाचं लाल पेन दूर ठेवा. कुणी ‘कवाड’ लिहिलं तर त्याचं ‘दार’ करू नका. ‘न्हाई’ म्हणणारी आजी ‘नाही’ म्हणायला लागली की आजी राहत नाही. वाचताना लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करा, दार लोटून घ्या. आतल्यांनी विचारायचं, ‘कोण आहे?’ बाहेरून पहिली ओळ वाचली जाईल. ती ऐकून आतल्यांना पुढचं ऐकावंसं वाटलं तरच दार उघडायचं. नाही उघडलं, तर त्याने तिथेच उभं राहून पहिली ओळ बदलायची. हे मुलांना मनापासून आवडतं, मात्र बुजऱ्या मुलासोबत तुम्ही स्वतः बाहेर उभं राहा.