व्हाइसला चामडं लावताय? खरबरीत बाजू बाहेर ठेवा
सुतारकामाच्या व्हाइसला, म्हणजे लाकूड दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या शिकंजाला, आधी मी जुन्या ट्यूबचं रबर लावलेलं, पकड लई भारी पण पांढऱ्या लाकडावर काळे डाग पडायचे आणि रबर लवचिक, त्यामुळं रंधा मारताना फळी हलायची. आता चामडंच. आपल्या कोल्हापुरात चप्पल लाइनला ओळख काढली की कारागिरांकडं कातरण मिळतंय, फक्त तळाचं जाड, कडक म्हशीचं घेऊ नका, ते दबत नाही, 2-3 मिमीचं मऊ बघा. आणि तेल पाजलेलं नको, पांढऱ्या कागदावर जोरात घासून बघा, डाग उठला तर परत द्या, नाहीतर तोच डाग सागवानावर उठणार.

लोखंडी जबड्यावर डायरेक्ट चिकटवू नका. आधी 12 मिमी प्लायचे तुकडे स्क्रूनं बसवा, स्क्रूची डोकी आत बुडवून, आणि त्यावर चामडं. गुळगुळीत बाजूला पॉलिश पेपर मारून तीच फेव्हिकॉलनं चिकटवायची, खरबरीत बाजू कामाकडं, पकड तिथंच असते. मधे प्लॅस्टिकचा कागद घालून व्हाइस आवळून रात्रभर ठेवा, कागद विसरलात तर सकाळी दोन्ही जबडे एकमेकाला चिकटलेले, माझं झालंय.