आरसी कार रेसिंग: टेक टेबलवर होणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आरसी कारची, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची, रेस ठेवायचा वेडेपणा कोणी करत नाही. सकाळी सहाला ट्रॅकवर, साडेनऊला शेवटची फायनल आणि दहाच्या आत तर्री पोह्याच्या गाडीवर. अशाच एका सकाळी टेक टेबलवर, म्हणजे गाड्या नियमात बसतात का ते तपासायच्या टेबलावर, मी चौदा वर्षांच्या एका पोराला रेसबाहेर काढलं. टू-सेल लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅकची मर्यादा ८.४० व्होल्ट, माझा मीटर दाखवत होता ८.४७. "काका, घरी चार्जरवर तं बरोब्बर आठ पॉइंट चार होतं जी," तो म्हणाला. मी नियमावर बोट ठेवलं. पोरगा गाडी उचलून बापाजवळ कुंपणाशी जाऊन बसला.

पुढच्या दोन गाड्याही ८.४६ दाखवायला लागल्या तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी बसली होती. ती उतरली की स्वस्तातले मीटर बरेचदा आकडा वाढवून दाखवतात. तोवर त्या पोराची हीट, म्हणजे फायनलआधीची रेस, होऊन गेली होती.

तेव्हापासून कोणताही नियम लिहिण्याआधी मी एकच विचारतो: हे आपल्या टेबलावर, आपल्याच साधनांनी, दोन मिनिटांत तपासता येईल का? येत नसेल तर तो नियम प्रामाणिक माणसालाच बांधून ठेवतो, बाकीचे मोकळे. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून होतात.

पॅकच्या स्टिकरवर नियम बांधणं

"फक्त ५००० एमएएच, ५० सी" असा नियम वाचायला कडक वाटतो. पण सी रेटिंग, म्हणजे पॅक किती जोरात करंट देऊ शकतो, हा कंपनीनं छापलेला आकडा. तो टेबलावर मोजायचा कसा? व्होल्टेज मात्र मोजता येतं. साधा लिपो सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, म्हणजे दोन सेलचे ८.४०. हाय-व्होल्टेज लिपो ४.३५ पर्यंत जातो, दोन सेलचे ८.७०. मोटरचे फेरे ढोबळमानानं व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. त्यामुळं हा फरक साधारण साडेतीन टक्क्यांचा पडतो आणि लांब सरळ पट्ट्यावर तो डोळ्यांना दिसतो. तरी हाय-व्होल्टेज पॅकवर बंदी घालायची गरज नाही. "लाइनवर येताना ८.४०" एवढं लिहिलं की पुरे. तो पॅक ८.४० वरच थांबवला तर पूर्ण भरतच नाही, मग फायदा कसला?

आणि हे रेसच्या आधी मोजा. पाच मिनिटं पळालेल्या पॅकवरून तो सुरुवातीला किती भरला होता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"माझ्या मीटरवर बरोबर येतं" याचा निकाल न लावणं

हातातल्या मीटरची अचूकता साधारण अर्धा टक्का धरा. ८.४० वर तेच ०.०४ व्होल्ट होतात, म्हणजे दोन चांगले मीटरही एकमेकांशी भांडू शकतात. चार्जरचीही तीच गत. उपाय स्वस्त आहे. क्लबचा एकच मीटर ठेवा, त्याची बॅटरी दर सीझनला बदला आणि एडी ५८४ चिपचं छोटं रेफरन्स मॉड्यूल घेऊन ठेवा. ते २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट पुरेसे अचूक देतं. सकाळी सगळ्यांसमोर ७.५ लावून दाखवा. मग टेबल उघडं ठेवा: ज्याला आपला चार्जर पडताळायचा त्यानं पहिल्या हीटआधी यावं. सूट किती तेही लिहून टाका. आम्ही ८.४२ पर्यंत सोडतो, त्यापुढं गाडी परत. शंकरपटातही भांडण बैलांपेक्षा घड्याळावरूनच जास्त पेटतं, आणि ते पट सुटायच्या आधी मिटवलेलं बरं असतं.

थंड देशातला तापमानाचा नियम जसाच्या तसा उचलणं

गरम पॅकचा अंतर्गत रोध कमी असतो, म्हणून तो सुरुवातीला जोरात करंट सोडतो. हे माहीत असलेले लोक पॅक मुद्दाम गरम करतात. त्यावर "पॅक ४५ अंशांच्या वर नको" असा आकडा लिहिला की नागपुरात गंमत होते. आपल्याकडं मे महिन्यात हवाच ४५ ला टेकते. एखाद्याचा पॅक स्कूटरच्या डिक्कीतूनच तेवढा तापून येतो आणि बिचारा विनाकारण चोर ठरतो. म्हणून आकडा नको, तुलना हवी. टेबलाखाली सावलीत एक जुना पॅक ठेवा, इन्फ्रारेड थर्मामीटरनं तो मोजा आणि त्यापेक्षा ठरावीक अंश जास्त गरम पॅक सावलीत थांबवा. फुगलेला पॅक मात्र चर्चा न करता बाहेर. तिथं प्रश्न न्यायाचा नाही, आगीचा आहे.

"१७.५ टर्न" म्हटलं की झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त चोऱ्या इथंच होतात, आणि सगळ्यात जास्त खोटे आरोपही. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे. वेढे तेवढेच ठेवून दोन मोटरी वेगळ्या पळू शकतात: तार किती जाड, रोटर (आतला फिरणारा चुंबक) कोणता आणि मागचं झाकण फिरवून टायमिंग, म्हणजे वेढ्यांतला करंट बदलायची वेळ, किती पुढं नेलंय यावर. तारेचा रोध मिलीओममध्ये असतो, तो साध्या मल्टिमीटरवर धड कळत नाही. म्हणून मोटर उघडून बघायच्या फंदात लहान क्लबनं पडू नये. अमेरिकेतली रोअर ही संघटना मान्यताप्राप्त मोटरींची यादी काढते. ती घ्या आणि नाव-लेबल जुळवा. नाहीतर सरळ एकच मॉडेल ठरवून टाका.

टायमिंगसाठी माझं आवडतं साधन म्हणजे नेलपॉलिश. ठरलेल्या खुणेवर झाकण लावून घ्यायचं, मग झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर लाल रंगाचा एक आडवा फराटा ओढायचा. झाकण केसभर जरी फिरलं तरी फराटा तुटतो. रंग दर वेळी वेगळा ठेवा. एकानं बायकोची बाटली आणून फराटा जोडून दाखवला होता, छटा जुळली नाही म्हणून सापडला. (बाटली परत मिळाली का, ते त्यानं सांगितलं नाही.)

ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचं, सोपं आहे आणि तरी लोक चुकतात. स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे मोटरवर मर्यादा असलेल्या गटात, ईएससी "ब्लिंकी" मोडवर हवा, म्हणजे सॉफ्टवेअरनं टायमिंग शून्य, ते पळताना वाढवणारे बूस्ट नाही, टर्बो नाही. ट्रिगर मोकळा असताना त्याचा दिवा लुकलुकतो. हा दिवा सकाळी एकदा बघून सही करणं बिनकामाचं आहे, कारण प्रोफाइल मिनिटात बदलतं. रेस संपल्यावर गाडी बंद करू न देता टेबलावर घ्या, बॉडी शेल काढा, ट्रिगर सोडायला लावा आणि तेव्हा दिवा बघा.

फक्त पिनियनचे दात मोजणं

पिनियन म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक. "पिनियन जास्तीत जास्त २६" हा नियम आम्हीही एक सीझन चालवला. एकाच्या बग्गीत ७२ दातांचा स्पर (पिनियन फिरवतो ते मोठं चाक), दुसऱ्याच्या ६६ चा. दोघांच्या गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.६. पहिल्याचं अंतिम गुणोत्तर ७२ भागिले २६ गुणिले २.६, म्हणजे ७.२, दुसऱ्याचं ६.६. नियम दोघांनी पाळला, पण मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत दुसऱ्याची गाडी नऊ टक्के पुढं. तेव्हा अंतिम गुणोत्तराला किमान मर्यादा लावा आणि आतलं गुणोत्तर गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. टायर झिजून लहान होतात तिथं परिघही धरावा लागतो, पण तो वाद फोमच्या टायरवाल्यांचा.

वजन आणि टायर

वजन बॅटरी, शेल आणि ट्रान्सपाँडर (ट्रॅकवरचे लॅप मोजायचं यंत्र) धरून, पळायला तयार गाडीचं. किचनचा डिजिटल काटा चालतो, पण कुलरच्या झोतात ठेवू नका. शेलमध्ये वारा भरतो आणि आकडा नाचतो. काटा खरा की खोटा हे बघायला किराणावाल्याकडून शिक्का मारलेलं एक किलोचं वजन मागून आणा. टायर एकाच जातीचे ठरवले तर निम्मी भांडणं संपतात. काळ्या मातीचा ट्रॅक उन्हात फाटतो आणि पावसात चाकांना चिकटतो, म्हणून आम्ही मुरूम टाकला. मुरमावर कोणते टायर लागतात ते दोन रविवारांत कळतं.

फक्त जिंकणाऱ्याला तपासणं

याचा परिणाम वाईट होतो. पोरांना वाटतं जिंकलं की झडती होते. पहिले तीन घ्या आणि एक गाडी चिठ्ठी काढून. तपासणारा स्वतः पळत असेल तर त्याची गाडी दुसऱ्यानं बघावी. रेसआधी काही चुकीचं सापडलं तर "दुरुस्त करून ये," एवढंच. रेसनंतर सापडलं तर ती हीट रद्द, अख्खा दिवस नाही. आणि रेसच्या दिवशी नियम बदलू नका, कितीही शहाणपणाचा वाटला तरी.

त्या पोराला मी नंतर सॉरी म्हणालो. पुढच्या रेसला तो सगळ्यांच्या आधी टेबलावर आला, पॅक पुढं केला आणि म्हणाला, "काका, पहिले मीटरचं मागचं उघडा जी." मी स्क्रू ड्रायव्हर काढला.