पहिल्या दिवसाचे ठिपके

पुण्यात गणितात एमएस्सी करून एचआयव्हीच्या मॉडेलिंगकडे, म्हणजे विषाणूची वाढ-घट समीकरणांत मांडण्याकडे, वळले, तेव्हा वाटायचं, समीकरणं सोडवता आली की झालं. आज या वाटेवर येणाऱ्याला मी आधी एक आलेख हाताने काढायला सांगते.

आलेख १९९६चा, ॲलन पेरेल्सन, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला. पाच एचआयव्हीबाधित रुग्णांना रिटोनाविर हे औषध दिलं आणि रक्तातला विषाणू पहिले दिवस पुन्हा पुन्हा मोजला. मी ती आकडेवारी मॉडेलमध्ये बसवताना पहिल्या दिवसाचे ठिपके वगळले. बाकीचे लॉग स्केलवर (दर पायरीला दहापट फरक दाखवणाऱ्या मापावर) सरळ उतरत होते, हे जवळजवळ आडवे. औषध लागू पडायच्या आधीचे, म्हणून बिनकामाचे, अशी माझी समजूत.

आमच्या मॅडमनी त्या आडव्या तुकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. "रिटोनाविर नेमकं काय अडवतं गं?"

प्रोटीज, म्हणजे नवा विषाणू पक्व करणारं विषाणूचंच विकर. ते अडवलं की नवे विषाणू निकामी निघतात, पण आधीच बाहेर पडलेले पेशींना लागण करतच राहतात. ते किती झपाट्याने नाहीसे होतात, हे त्या आडव्या तुकड्यातून कळतं. पुढच्या उतारावरून बाधित पेशींचं आयुष्य. अर्धं उत्तर मीच खोडलं होतं.

उत्तर असं: विषाणूचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे नाहीसे व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६ तास, बाधित पेशीचं सुमारे १.६ दिवस. रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू! वर्षानुवर्षं रक्तातल्या विषाणूंचा आकडा स्थिर दिसणाऱ्या रुग्णात एवढी उलाढाल चालू असते. जीनोम जेमतेम १०,००० अक्षरांचा आणि नक्कल करताना लाख अक्षरांमागे साधारण ३ चुका. म्हणजे कोणताही एकटा बदल रोज कुठेतरी घडतोच, एकटं औषध तग धरत नाही. तीन औषधं एकत्र का, हे मला या गुणाकारातून पटलं.

१९९७मध्ये याच वाटेने, पूर्ण अटकाव झाला तर २.३ ते ३.१ वर्षांत विषाणू संपेल, असा अंदाज निघाला. शरीरात विषाणूचा न दिसणारा साठा नसेल तर, ही अट घालून. साठा निघाला. विषाणू दडवून बसलेल्या सुप्त पेशींचं अर्धायुष्य सुमारे ४४ महिने, म्हणून गोळ्या आयुष्यभर. अट आधी वाचा, आकडा नंतर.

विकलक समीकरणं, पायथन किंवा आर ही संगणकाची भाषा, थोडं विषाणूशास्त्र, एवढी तयारी पुरते. देशात बंगळुरूच्या आयआयएस्सीत नरेंद्र दीक्षितांचा गट हे काम करतो, त्यांचे शोधनिबंध चाळा. आणि आकडेवारी हातात आली की ती मॉडेलमध्ये बसवण्याआधी दोन गोष्टी विचारा: पहिली गोळी किती वाजता घेतली, रक्त किती वाजता काढलं?