एकाच नावाच्या अमेरिकन रेल्वे: हातातली वस्तू नेमकी कोणत्या कंपनीची, ते कसं शोधावं

दादरला उभं राहून ‘वेस्टर्न’ म्हटलं की ‘कुठली वेस्टर्न?’ असं कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेबद्दल बोलताना मात्र पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरहून ऑल्बनीच्या दिशेने जाणारी एक वेस्टर्न होती, अलाबामात दुसरी. सेंट्रल तर विचारूच नका: न्यूयॉर्कची, न्यू जर्सीची, जॉर्जियाची, व्हरमाँटची, मिशिगनची, मेनची, इलिनॉयची. मेट्रोपॉलिटन रेलरोडच्या घोड्याच्या ट्राम बोस्टनला धावत होत्या आणि वॉशिंग्टनलाही. दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता.

न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारांतून रेल्वेचे कागद आणि लोखंड-पितळ गोळा करायला लागून मला अठरा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा तरी कुणाचा तरी फोटो येतो, ‘ही कुठली रेल्वे?’ आणि खाली आधीच कुणी तरी नाव शोधून पहिला निकाल चिकटवलेला असतो. बहुतेक वेळा चुकीचा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. भिंग, नीट उजेड, दोन्ही बाजूंचा फोटो हे तुम्ही करालच, ते सांगत बसत नाही.

आधी राज्य

अमेरिकेत रेल्वे कंपनीची नोंदणी व्हायची ती राज्यात. त्यामुळे एका राज्यात घेतलेलं नाव दुसऱ्या राज्यात खुशाल पुन्हा घेता यायचं. शेअर सर्टिफिकेट असेल तर ‘अमुक राज्याच्या कायद्यांन्वये स्थापन’ अशी बारीक ओळ कुठे तरी असतेच. तिकीट असेल तर त्यावरची दोन स्टेशनं नकाशात शोधा. एक पुरत नाही, कारण स्प्रिंगफिल्ड अमेरिकेत पोत्याने आहेत.

अपवाद आहेत. युनियन पॅसिफिकला १८६२ मध्ये थेट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या कायद्याने सनद मिळाली. वॉशिंग्टन शहरातल्या ट्रामनाही तशीच, कारण तिथे राज्य सरकारच नव्हतं. आणि एक सापळा: सदर्न पॅसिफिक कंपनी १८८४ मध्ये केंटकीत नोंदवलेली होती. केंटकीत तिचा एक रूळही नव्हता. त्याआधी, १८५६ मध्ये, टेक्सासात एक सदर्न पॅसिफिक सनदेवर आली होती. ती वेगळीच कंपनी. तेव्हा कागदावरचं राज्य म्हणजे गाडी धावली ते राज्य, असं धरून चालू नका.

मग काळ

पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला मधोमध रेघ असेल, म्हणजे पत्ता उजवीकडे आणि मजकूर डावीकडे, तर ते १९०७ किंवा नंतरचं. वेळापत्रकात प्रमाणवेळेचा उल्लेख असेल तर १८ नोव्हेंबर १८८३ नंतरचं. वर ‘युनायटेड स्टेट्स रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशन’ छापलेलं असेल तर पहिल्या महायुद्धातल्या सरकारी ताब्याच्या काळातलं, म्हणजे डिसेंबर १९१७ अखेर ते १ मार्च १९२०. एवढं पुरे.

रेलरोड की रेल्वे: इथे थांबा

इथेच मी फसलो, आणि इथेच सगळे फसतात.

मराठीत आपण दोन्हींना रेल्वेच म्हणतो. नाव वाचताना आपले डोळे शेवटच्या शब्दावरून सरळ घसरतात. मजकूर मराठीत आणताना तर तो शब्द गेलाच. पण अमेरिकन कंपनीच्या नावात ‘रेलरोड’ आणि ‘रेल्वे’ यांत फरक असतो तो कायद्याचा. कंपनी बुडाली, कोर्टाने लिलाव केला, धनकोंनी तेच रूळ, तीच इंजिनं, तेच कारकून घेऊन नवी कंपनी काढली, की नाव थोडं तरी वेगळं लागायचं. सगळ्यात स्वस्त बदल कोणता? रेलरोडचं रेल्वे करा, किंवा रेल्वेचं रेलरोड. पाट्या रंगवायचा खर्चही वाचतो. नॉर्दर्न पॅसिफिक रेलरोड १८९६ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे झाली ती अशीच. सँटा फेचंही १८९५ मध्ये तेच. दिवाळंच निघायला हवं असंही नाही. युनियन पॅसिफिक १८८० मध्ये दोन कंपन्या पोटात घेऊन रेलरोडची रेल्वे झाली, १८९३ मध्ये बुडाली आणि १८९७ मध्ये नव्या कंपनीच्या रूपात परत रेलरोड.

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी एका रविवारच्या बाजारात मला सांध्याच्या (गाडीचा रूळ बदलायच्या जागेच्या) कुलपाची पितळी किल्ली मिळाली. बोटाएवढी, पोकळ नळीची, हाताळून गुळगुळीत झालेली. वर ठोकलेली अक्षरं: डब्ल्यू. पी. आर. आर. विकणारा म्हणाला, ‘वेस्टर्न पॅसिफिक रेलरोड, १८६० चं दशक, खंडपार रेल्वेची शेवटची कडी.’ तो खोटं बोलत नव्हता, त्याचा तसा विश्वास होता. मी एकशे चाळीस डॉलर मोजले आणि घरी येईपर्यंत सारखा खिसा चाचपत होतो.

वेस्टर्न पॅसिफिक रेलरोड १८६२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली, हे खरं. सॅक्रामेंटोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंतचा रूळ तिने १८६९ मध्ये पुरा केला, आणि १८७० मध्ये ती सेंट्रल पॅसिफिकमध्ये विलीन झाली, हेही खरं. पण १९०३ मध्ये जॉर्ज गूल्डच्या पाठबळावर दुसरी वेस्टर्न पॅसिफिक उभी राहिली. फेदर नदीच्या घळईतून ओकलंड ते सॉल्ट लेक सिटी. १९०९ मध्ये तिचे रूळ जुळले. पहिलीशी हिचं नातं शून्य. उलट पहिलीचा वारसा सेंट्रल पॅसिफिकमार्फत ज्या सदर्न पॅसिफिककडे गेला होता, त्याच सदर्न पॅसिफिकशी स्पर्धा करायला ही काढली होती. मला हे माहीत होतं, म्हणूनच मी निर्धास्त होतो. माझं गणित असं: नवी ती ‘रेल्वे’, जुनी ती ‘रेलरोड’, किल्लीवर आर. आर. आहे, म्हणजे जुनी. झालं!

चूक कुठे झाली ते रात्री साडेअकराला भिंगाखाली दिसलं. किल्लीच्या डोक्यामागे मळाने भरलेल्या बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव होतं, अॅडलेक. अॅडम्स अँड वेस्टलेक ही शिकागोची कंपनी १८७४ ची. पहिली वेस्टर्न पॅसिफिक तर १८७० मध्येच संपलेली. चार वर्षांपूर्वी मेलेल्या कंपनीची किल्ली कोण घडवणार?

उत्तर दुसऱ्या कंपनीच्या इतिहासात पुढे होतं. नवी वेस्टर्न पॅसिफिक रेल्वे १९१५ मध्ये दिवाळ्यात गेली. १९१६ मध्ये लिलाव झाला आणि जी कंपनी निघाली तिचं नाव वेस्टर्न पॅसिफिक रेलरोड. म्हणजे आर. आर. ही अक्षरं १८६२ ते १८७० ची तरी, नाही तर १९१६ नंतरची. मधली १३ वर्षं फक्त ‘रेल्वे’. माझी किल्ली १९१६ नंतरची, बाजारात वीस-पंचवीस डॉलरला मिळणारी. अजून टेबलाच्या खणात आहे, कुणी घाई करायला लागलं की काढून दाखवतो.

तेव्हा ‘रेलरोड म्हणजे जुनं, रेल्वे म्हणजे नवं’ हा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचा पुढचा सल्लाही ऐकू नका. ईरीची वंशावळ बघा: १८३२ मध्ये न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोड, १८६१ मध्ये ईरी रेल्वे, १८७८ मध्ये न्यूयॉर्क, लेक ईरी अँड वेस्टर्न रेलरोड, १८९५ मध्ये ईरी रेलरोड. लंबकासारखं आहे ते, इकडून तिकडे. करायचं ते एवढंच: त्या नावाच्या प्रत्येक कंपनीची जन्म-मृत्यूची साल एका कागदावर मांडा, शेवटच्या शब्दासकट. मग हातातल्या वस्तूचा काळ दुसऱ्या एखाद्या खुणेवरून काढा: छापणारा, घडवणारा, सही, शिक्का, काहीही. दोन्ही जुळले तरच नाव ठरवा. एका खुणेवर कधीही नाही.

आणि उलटा फसवा प्रकार लक्षात ठेवा. नाव एक, पण कंपनी मुळीच ती नाही. ‘युनियन पॅसिफिक, ईस्टर्न डिव्हिजन’ असं छापलेला कागद मिळाला तर तो युनियन पॅसिफिकच्या पूर्व विभागाचा नव्हे. ती कॅन्ससमधली वेगळीच कंपनी, १८६९ मध्ये तिने स्वतःला कॅन्सस पॅसिफिक म्हणवून घेतलं. तिला पोटात घेतलं ते वर सांगितलेल्या १८८० च्या विलीनीकरणात. आजची युनियन पॅसिफिक रेलरोड तर त्याहून कडी आहे. १९९८ मध्ये जुनी युनियन पॅसिफिक कागदोपत्री सदर्न पॅसिफिकमध्ये विलीन केली आणि मग सदर्न पॅसिफिकचंच नाव बदलून युनियन पॅसिफिक ठेवलं. कायद्याच्या भाषेत आज धावतेय ती सदर्न पॅसिफिकच.

आद्याक्षरांवर विश्वास नको

बी. अँड एम. म्हणजे बोस्टन अँड मेन, आणि नेब्रास्कातली बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हरसुद्धा. एम. सी. म्हणजे मिशिगन सेंट्रल किंवा मेन सेंट्रल. एन. वाय. सी. ही अक्षरं तर १९९९ मध्ये कॉनरेल या मालवाहतूक कंपनीची वाटणी झाली तेव्हा मालडब्यांवर पुन्हा अवतरली, न्यूयॉर्क सेंट्रल १९६८ मध्ये पेन सेंट्रलमध्ये मिळून ३१ वर्षं झाल्यावर. आपल्याकडे बेस्टचं काय झालं? १९०५ च्या कंपनीत शेवटचा ‘टी’ ट्रामवेजचा होता, १९४७ मध्ये नगरपालिकेकडे आल्यावर तो ट्रान्सपोर्टचा झाला. पाटी तीच, अर्थ वेगळा. टोपणनावांचंही तसंच. ‘नॉर्थ शोअर’ म्हटलं की बहुतेकांना शिकागो ते मिलवॉकी धावणारी, १९६३ मध्ये बंद पडलेली लाईन आठवते, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या मरीन भागातही नॉर्थ शोअर रेलरोड होती.

ट्राम असेल तर रूळ बघा

ट्रामच्या बाबतीत कागदापेक्षा फोटो जास्त बोलतो. लॉस एंजेलिसमध्ये पिवळ्या ट्राम लॉस एंजेलिस रेल्वेच्या, साडेतीन फुटी अरुंद रुळांवर. लाल गाड्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या, रुंद प्रमाण रुळांवर. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, पण काही रस्त्यांवर तीन रूळ दिसतात, दोघींसाठी एकच रस्ता. गाडी कुठल्या दोन रुळांवर उभी आहे ते मोजा. पॅसिफिक इलेक्ट्रिकही दोन आहेत, १९०१ ची आणि १९११ च्या मोठ्या विलीनीकरणातून निघालेली. दोघींचं पूर्ण नाव सारखंच, त्यामुळे तिथे तारखेशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात छळणारं नाव सॅन फ्रान्सिस्कोचं मार्केट स्ट्रीट. १८६० मध्ये रेलरोड, वाफेवर. १८८३ मध्ये केबल, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढलेल्या गाड्या. १८९३ मध्ये मार्केट स्ट्रीट रेल्वे. १९०२ मध्ये नाव पुसून युनायटेड रेलरोड्स. १९२१ मध्ये परत मार्केट स्ट्रीट रेल्वे. १९४४ मध्ये शहराने विकत घेतली. आणि १९७६ पासून जुन्या ट्राम जपणारी एक ना-नफा संस्था तेच नाव लावते. मार्केट स्ट्रीटवरच्या फोटोत दोन रुळांच्या मधे केबलची फट दिसते आणि डोक्यावर तारा नाहीत, तर तो १९०६ च्या भूकंपाआधीचा. ट्रामचं तोंड पांढरं रंगवलेलं असेल तर बहुधा १९२१ नंतरच्या कंपनीची.

पडताळणी

१८६८ पासून दरवर्षी निघालेलं पूअरचं मॅन्युअल, म्हणजे रेल्वे कंपन्यांची माहितीपुस्तिका, चाळा, त्या त्या वर्षाचं. पण वंशावळीसाठी सर्वांत भरवशाचे ते आंतरराज्य वाणिज्य आयोगाचे मूल्यांकन अहवाल. १९१३ च्या कायद्याने सरकारने प्रत्येक रेल्वेची किंमत काढायला घेतली, आणि त्यासाठी कोण कुणाच्या पोटातून निघालं ते तारखेसह लिहून काढलं. रुक्ष आहेत, झोप येते, तरी वाचा. शहरांसाठी सॅनबॉर्नचे विमा नकाशे बघा.

नोंद

पाकिटावर पेन्सिलीने पूर्ण नाव, शेवटच्या शब्दासकट, राज्य आणि काळ लिहा: ‘वेस्टर्न पॅसिफिक रेलरोड, कॅलिफोर्निया, १९१६ नंतर’. नुसतं ‘वेस्टर्न पॅसिफिक’ लिहिलंत तर पाच वर्षांनी तुम्हीच स्वतःला फसवाल.

हो, आणि एक राहिलं. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या भाच्याने फोटो पाठवला. लाल ट्राम, अंगावर ठसठशीत ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’. ‘मामा, लॉस एंजेलिसची तुझी ती ट्राम सापडली!’ मी विचारलं, मागे तो मनोरा घड्याळाचा आहे का? आहे म्हणाला. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची फेरी बिल्डिंग. तिथल्या एफ लाईनवर जुन्या ट्राम वेगवेगळ्या शहरांच्या रंगांत रंगवून फिरवतात, एक बोस्टन एलिव्हेटेडच्या रंगातलीही आहे. बिचारा दोन तास त्या ट्रामचे फोटो काढत होता.