सिगार बॉक्स गिटार बनवताय? स्केल ठरवायच्या आधी ब्रिज कुठे येतो ते बघा

सिगार बॉक्स गिटार म्हणजे सिगारच्या रिकाम्या खोक्याला दांडा जोडून घरी केलेली गिटार. आधी खोकं. इथे अमेरिकेत सिगारच्या दुकानात रिकामी खोकी स्वस्तात मिळतात, लाकडी बघून घ्या, झाकण पातळ असू दे, त्यावर जास्त डोकं चालवू नका. नेकला (म्हणजे दांड्याला) लाकडाच्या दुकानातली एक बाय दोनची पट्टी (मापात ती पाऊण बाय दीड इंचच भरते), सरळ आहे ना ते डोळ्याला लावून बघा.

आता मुद्दा. स्केल म्हणजे नटपासून (डोक्याकडे तारा टेकतात तो आधार) ब्रिजपर्यंतची (झाकणावर तारा टेकतात ती घोडी) तारेची लांबी, आणि सगळे 24-25 इंच सांगतात म्हणून मागच्या वेळी मी पण डोळे झाकून 25 धरली, फ्रेटच्या (नेकवर आडव्या बसतात त्या धातूच्या काड्या) खाचा पाडल्या, मग खोकं लावलं तर ब्रिज बरोबर शेपटाकडच्या, म्हणजे नेकच्या डोक्याच्या उलट टोकाच्या, भिंतीवर. तिथे झाकण हलतच नाही, आवाज कसला येतोय. म्हणून उलटं करा: झाकणावर कागदी टेप लावा, शेपटाकडून साधारण एक तृतीयांशावर ब्रिजची खूण करा, आणि तिथून नटकडे मोजत जा. 9 इंची खोकं असेल तर ब्रिज शेपटापासून 3 इंचांवर, 25 मधले 6 इंच खोक्यावर गेले, 19 बाहेर. पट्टीचा हिशोब पण इथेच लावा, डोक्याकडे ट्यूनरला (तारा पिळायच्या खुंट्या) 6, मग 25, मग 3, मागे तार अडकवायला 1, झाले 35, तीन फुटी पट्टीत बसलं. खोकं 12 इंची असेल तर ब्रिज 4 इंचांवर जातो आणि एक सूतही शिल्लक राहत नाही, तेव्हा 24 धरा. पण आधी ब्रिज, मग आकडा!

आणि हो, ब्रिजच्या खाली आत काय आहे तेही बघा, पट्टी आरपार जाते ना, ती झाकणाला खालून टेकली की पुन्हा तेच, मुका आवाज. पट्टीचा झाकणाखालचा भाग दोन सूत (पाव इंच) कोरून घ्या.

लहान मुलासाठी आखूड करायची असेल तर करा पण तारांचा विचार करून. ताण लांबीच्या वर्गाच्या हिशोबात पडतो, म्हणजे 25 ची 20 केली आणि सूर तोच ठेवला तर ताण 36 टक्क्यांनी उतरतो, तारा लोंबायला लागतात. नेहमीच्या गिटार सेटमधल्या ए, डी, जी या तारा जी-डी-जी या सुरांना लावायच्या असतील तर 24-25 च बरी, 20 वर जाड तारा लावा नाहीतर सूर जवळजवळ चार सेमीटोन (अर्धे सूर) वर चढवा. आणि आखूड केली की ब्रिज सरकतो, परत टेपची खूण बघा, कंटाळा करू नका.

फ्रेट: लांबी भागिले 17.817, उरलेल्याला परत तेच. 25 ला पहिला 1.403 वर, सातवा 8.315, बारावा 12.5, बारावा बरोबर अर्ध्यावर नसेल तर गणित चुकलंय. प्रत्येक माप नटपासूनच घ्या, एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत मोजत गेलात तर चूक साठत जाते. नटच्या जागी बोल्ट लावणार असाल तर तार बोल्टच्या माथ्यावर जिथे टेकते तिथून मोजा, कडेपासून नको. इंच तर इंच, मिलीमीटर तर मिलीमीटर. नुसती स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवणार असाल तर खाचा नकोतच, पेनने रेघा मारा, पण ब्रिजची खूण तुम्हालाही चुकलेली नाही.

बाकी पॉलिशपेपर, ट्यूनर, तारा लावा. ब्रिज चिकटवायचा नाही, बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत सरकवायचा, दाबलेला चढा वाटला तर शेपटाकडे, थोडासाच. चार-पाच इंच सरकवावा लागत असेल तर टेप लावलीच नव्हती तुम्ही.