टायर आतून खातोय? कॅम्बरच्या आधी टो बघा

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, गाडी लावली की स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे करून देतात, आपण पण खूश होऊन पैसे देऊन बाहेर. माझं तसंच झालं आणि बारा-तेरा हजार किमीत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला पार तारेपर्यंत गेले, बाहेरून बघाल तर एकदम नवे. मग जुना प्रिंटआउट शोधून बघितला तर टो हिरव्यातच होता, पण अगदी काठावर, टो-आउटकडे.

म्हणून पहिलं टो. वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलेली असली की टो-इन, बाहेर असली की टो-आउट. एका चाकाचा टो नुसता ०.१ डिग्री, म्हणजे ६ मिनिटं, चुकला तरी ते चाक दर किलोमीटरला जवळपास पावणेदोन मीटर आडवं घासतं, करा हिशोब. रोजच्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीला मी कंपनीच्या मर्यादेत राहून दोन्ही मिळून शून्य ते ०.१ डिग्री टो-इन सांगतो. टो-आउटने स्टेअरिंग चटकन वळतं हे खरंय, ट्रॅकवाले मुद्दाम ठेवतात, पण एक्सप्रेसवेवर गाडी सतत सांभाळत बसावं लागतं.

आता कॅम्बर, म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती कललंय; वरची बाजू आत कललेली असली की निगेटिव्ह. घाटात वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरच्या चाकाचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकावा म्हणून निगेटिव्ह ठेवायचा, अर्धा ते एक डिग्री भरपूर झाला, टो नीट असेल तर एवढ्याने टायर फारसा खात नाही. दोन बाजूंत अर्ध्या डिग्रीच्या वर फरक नको, गाडी ओढते. पण आपल्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांना पुढे फक्त टोच सेट होतो, कॅम्बरला वेगळे बोल्ट टाकावे लागतात आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच दांडा) असेल तर तिथे काहीच फिरवता येत नाही. एकाच बाजूचा कॅम्बर अचानक बिघडला असेल तर खड्ड्यात काहीतरी वाकलंय, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि स्ट्रट (शॉकअपचा उभा खांब) बघायला सांगा.

कॅस्टरने, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलाने, टायर फारसा झिजत नाही, स्टेअरिंग सरळ परत येण्यापुरतं त्याचं काम.

क्रम मात्र पाळायला लावा: आधी हवा, मग टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाकडचा सांधा) आणि बुश (सांध्यातले रबर) यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मग कॅम्बर-कॅस्टर, टो सगळ्यात शेवटी आणि तोही स्टेअरिंग सरळ लॉक करून, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच.

नंतर हजारेक किमीने टायरवरून तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना करवतीसारखं टोचलं तर टो-इन जास्त, उलट झालं तर टो-आउट. टोचत काहीच नाही पण आतली कड एकसारखी झिजलीय, तर कॅम्बरवर संशय घ्या.